बॉनेट माझ्याकडे आहे

सिल्वासा
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

चि. रोहन,

बुधवार, दिनांक ८ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या घराशेजारच्या शेडमधून तुझ्या काकांची मस्टँग उचलून नेण्यात आली. त्या वेळी मी वापीला डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर हनुवटी टेकवून वर बघा, खाली बघा करत बसले होते. ही वेळ मला शेजारच्या कॅमेऱ्याने सांगितली. पुतळाबाई घड्याळ बघत नाही. ती सुरंगीहून पहिल्या बसने कामाला येते आणि शेवटच्या बसने जाते, मधल्या वेळेशी तिला कर्तव्य नाही.

तिला विचारलं, "तुझ्या डोळ्यांदेखत गाडी नेली, तू काय करत होतीस?"

"बाई, ते बोलले रोहनभाऊंनी पाठवलंय. मग मी च्या दिला."

"चोरांना चहा?"

"चोर कुठले? जाताना कप धुऊन ठेवले त्यांनी."

तेव्हा चोर सभ्य होते हे मान्य. पण काका जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तू त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा असलास, नाशिकला जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं तुझं मोठं वर्कशॉप असलं, तरी त्या गाडीवर माझ्याआधी तुझा हक्क कुठून आला ते मला समजावून सांग. मी घरी नसताना टो-ट्रक पाठवणं म्हणजे काय, हे तुला कळत नसेल असं मला वाटत नाही. तुला मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. न विचारता डब्यातले लाडू घेणारा मुलगा तूच.

काल मी तुला तीन वेळा फोन केला. तू वॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवलंस. ते चित्र मी उत्तर समजत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये चूक करणाऱ्या मुलीला सिस्टर म्हणायच्या, आधी कागदावर लिही, मग रड. तू रडला नाहीस तरी चालेल, पण कागदावर लिही. हाताने.

तुझी काकू,
नलिनी सामंत


नाशिक
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. काकूस, साष्टांग नमस्कार.

हाताने लिहितोय. शेवटचं असं कधी लिहिलं होतं आठवत नाही, त्यामुळे अक्षराबद्दल आधीच माफी.

गाडी सुखरूप आहे. वर्कशॉपमध्ये आत, छपराखाली, ताडपत्री घालून उभी आहे. मी न विचारता नेली हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि तुझ्या शेडचा मागचा पत्रा ऑगस्टमध्येच गेलाय, हे तुलाही माहीत आहे. डिकीत पाणी साचलं होतं. आणखी एक पावसाळा काढला असता तर खालचा पत्रा हाताने फाटला असता. श्रुतीशी बोललो होतो. ती म्हणाली, आई वापीला जाईल त्या दिवशी ने. म्हणजे लाडू मी एकट्याने नाही घेतले.

काकू, तुझ्या शेडमध्ये काय उभं होतं याची तुला कल्पना आहे का? एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांना दाखवली. पहिल्याच दिवशी बावीस हजार लोकांनी नोंदणी केली. लांब नाक, आखूड शेपूट, चार माणसांची जागा, आणि किंमत अशी की नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराला परवडावी. आतला सांगाडा कंपनीच्या एका साध्यासुध्या घरगुती गाडीचा, वर कपडे मात्र नटाचे. दोन वर्षांत दहा लाख खपल्या. मग बाकीच्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या आणि प्रत्येकीने आपापली तशी गाडी काढली. त्या सगळ्या जातीला नाव पडलं पोनी कार, ते हिच्यामुळे. पुढच्या जाळीवर पळणारा घोडा आहे ना, त्याच्यावरून. लहानपणी मी त्या घोड्याला हरभरे चारायचो, तू ओरडायचीस.

आपली १९६५ ची आहे. सहा सिलिंडरची, तीन गिअरची. हौशी लोकांना आठ सिलिंडरची हवी असते, पण भारतात मुळातच मोजक्या आहेत, आणि इतकी कमी हात लागलेली मी तरी पाहिलेली नाही. हिचं सोनं करतो बघ. इंजिन उघडायला घेतलंय. पुढच्या महिन्यात रंग. आपला तोच लाल, झळझळीत, आणि मधून दोन पांढरे पट्टे टाकीन म्हणतो. माझ्याकडे बॉनेटवर बसलेला फोटो आहे, मी पाच वर्षांचा, मागे काका. अगदी तसा लाल.

डोळा कसा आहे?

तुझा,
रोहन


सिल्वासा
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

चि. रोहन,

पत्र मिळालं. सोबत ते परत पाठवते आहे. लाल शाईने दुरुस्त्या केल्या आहेत, वेळ मिळाला की बघ. श्रुतीचा समाचार मी फोनवर वेगळा घेतला. पुण्यात बसून सिल्वासातल्या आईचे पत्रे मोजणारी मुलगी मी जन्माला घातली हे मला ठाऊक नव्हतं.

डोळा बरा आहे. आता मुद्दा.

पांढरे पट्टे? ती गाडी आहे, रस्ता ओलांडायची जागा नव्हे.

आणि लाल कुठला? ही गाडी लाल नव्हती. ती लाल केली गेली. तुझ्या काकांनी ती ७७ साली मुंबईला लिलावात घेतली, एका परदेशी वकिलातीतला माणूस मायदेशी परतताना मागे ठेवून गेला होता. बांधकाम खात्यात नोकरीला असलेल्या, सिल्वासासारख्या ठिकाणी एका खोलीत राहणाऱ्या माणसाने घ्यावी अशी ती वस्तू नव्हती, आणि म्हणूनच त्यांनी ती घेतली. ७९ साली लग्न होऊन मी तिच्यात बसून बांद्र्याहून इथे आले तेव्हा तिचा रंग पिरोजी होता. आमच्या शाळेत मदर सुपिरियरच्या खोलीच्या खिडक्या त्या रंगाच्या होत्या, आणि त्या खिडक्यांखाली मी पुष्कळदा शिक्षा म्हणून उभी राहिले आहे. तो रंग मला कोणी शिकवू नये.

पुढे नरोलीच्या वळणावर ती बैलगाडीवर गेली. बैलांना काही झालं नाही. गाडीचं डावं दार गेलं. मग अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात मी श्रुतीला घेऊन माहेरी गेले असताना तुझ्या काकांनी ती खडोलीला नेली, ड्रमच्या कारखान्यात. तिथला रंगारी आबा त्यांच्या ओळखीचा. ड्रमला मारायचा लाल रंग उरला होता, तो पिचकारीने हिला मारला. मी परत आले तर दारात तेलाचं पिंप उभं. मला विचारलं होतं? नाही. तूही नाही विचारलंस. मी घराबाहेर पाऊल टाकलं की या गाडीला काहीतरी होतं, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

तेव्हा एक तर ती पिरोजी होईल, नाहीतर जशी नेलीस तशी गंजलेली परत येईल. लाल गाडी माझ्या दारात पुन्हा उभी राहणार नाही.

दिवाळीचे आशीर्वाद. फराळ कुरिअरने पाठवला आहे, भांडण वेगळं आणि चकली वेगळी.

काकू


नाशिक
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

ती. काकूस सा. न.

चकल्या वर्कशॉपमध्ये पंधरा मिनिटं टिकल्या.

रंगाबद्दल रागावू नकोस, पण मला खात्री वाटत नाही. बाबा म्हणतात लाल. घरातले सगळे रंगीत फोटो लाल. तुमचा लग्नातला फोटो काळा-पांढरा. मूळ रंगाची खूण कंपनी डाव्या दाराच्या कडेला एका पट्टीवर कोरायची, आणि ते दार नरोलीला गेलं, पट्टीही गेली. मी डॉक्टर मित्राला विचारलं, मोतीबिंदू असला की निळे-हिरवे रंग वेगळेच दिसतात म्हणे. तुझी आठवण खोटी आहे असं म्हणत नाही. पण जुन्या गाड्यांचे जाणकार आठवणीवर जात नाहीत. त्यांना पत्र्यावरचा पुरावा लागतो. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच ती असेल तरच तिला मान. नुसत्या अंदाजाने पिरोजी केली आणि चुकलं, तर लालपेक्षा वाईट.

आम्ही सगळ्या गाडीचा रंग पत्र्यापर्यंत उतरवला. आबांनी मारण्याआधी खालचा जुना रंग घासून टाकला होता, त्यामुळे लालच्या खाली सरळ पत्रा. कुठेही दुसरा रंग नाही.

एक जागा सोडून. बॉनेटच्या आतल्या बाजूला, इंजिनाच्या बरोबर वर, हाताच्या पंज्याएवढा कुंकवाचा स्वस्तिक आहे. तेल आणि कुंकू बसून बसून जाड खपली झालीय. माझा भावेश, पत्र्याचं काम करणारा, भिलाडचा आहे. त्याने सगळं बॉनेट घासलं आणि ती जागा सोडून दिली. मी चिडलो. म्हटलं, अर्धवट काम का? म्हणाला, "रोहनभाई, ए साथियो छे. इस पर केमिकल मैं नहीं डालेगा. जिसके घर का है उनको पूछो." साथियो म्हणजे स्वस्तिक. दोन दिवस समजावलं. ऐकत नाही. दुसऱ्या पोराला सांगितलं, तर तो भावेशकडे बघून चहा प्यायला गेला.

भावेश या रविवारी लग्नाला गावी चाललाय. पिकअपमध्ये बॉनेट बांधून देतोय. तूच काय ते पुसून दे, म्हणजे काम पुढे सरकेल. तो परत येताना घेऊन येईल.

तुझा,
रोहन


सिल्वासा
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. रोहन,

मोतीबिंदू २०२५ चा आहे. गाडी मी ७९ साली पाहिली. तुझ्या डॉक्टर मित्राला वजाबाकी येते का विचार.

काल दुपारी भावेश आला. बॉनेट ओसरीत दोन खुर्च्यांवर उलटं ठेवलं. मुलगा सरळ आहे, बूट बाहेर काढून मगच हात लावला. मी खडोलीहून आबांनाही बोलावून घेतलं होतं. ऐंशीच्या पुढे गेले आहेत, ऐकू कमी येतं, थाट मात्र तसाच. मूळचे धुळ्याकडचे, पन्नास वर्षं इथे काढली, तरी बोलणं धुळ्यातच ठेवून आले आहेत.

मी विचारलं, "आबा, या गाडीला रंग कुठला मारला होतात?"

"इम्पोर्टेड. सायबांनी खास मागवला होता."

"ड्रमचा होता."

"मंग ड्रम बी इम्पोर्टेडच होते ना, बाई."

"आणि हे मधलं का सोडलंत?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कधी शाळेतच गेले नव्हते. "ते देवाचं शे. त्याच्यावर पिचकारी मारू का मी? सायेब लई चिडले. म्हने, आतल्या बाजूला कोन बघतं? मी म्हटलं, मंग घ्या पिचकारी, तुमीच मारा."

"मग?"

"घेतली ना हातात. उभे ऱ्हायले. मंग म्हने, ऱ्हाऊ दे."

हे मला माहीत नव्हतं, रोहन. दसऱ्याला सगळे लोक गाडीला बाहेरून हार घालतात. तुझे काका बॉनेट उघडून आत पूजा करायचे. म्हणायचे, काम जो करतो त्याला कुंकू लावायचं, तोंडाला कशाला. पहिल्या दसऱ्यापासून त्याच जागी, त्याच स्वस्तिकावर, बोट तेलात बुडवून. ते गेल्यावर मी लावत आले, गाडी चालत नव्हती तरी. यंदाही लावलं, तुझा ट्रक यायच्या आठवडाभर आधी.

पुतळाबाईने नारळ आणला. मी नारळ वाढवला, ओल्या फडक्याला खोबरेल लावलं आणि स्वस्तिकाची फक्त एक भुजा पुसली. बाकीच्याला हात लावला नाही. खपली मऊ व्हायला वेळ लागला. आधी लाल, मग काळपट, मग पिवळं, कुठल्यातरी दसऱ्याची हळद. त्याच्याखाली पिरोजी.

पुतळाबाई म्हणाली, "बाई, हा तर मोराच्या गळ्याचा रंग."

आबा म्हणाले, "म्या तेव्हाच सायबांना सांगितलं होतं, हाच ठेवा." खोटं बोलतात, पण चांगलं बोलतात.

रंगाची जागा तुझ्या समाधानासाठी नखाएवढी उघडी ठेवली आहे. फोटो श्रुतीने सांगितल्याप्रमाणे काढून पाठवला आहे. जाणकारांना दाखव.

आता दुसरी गोष्ट. भावेश चहा पिताना सहज म्हणाला, "काकी, कलर तो मस्त छे, पण शेठने तो लाल पसंद किया है."

मी विचारलं, "कुठले शेठ?"

"वडोदरावाले. गाडी देखने दो बार आये ने."

मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने चहा खाली ठेवला. त्याला बोल लावू नकोस, त्याला वाटलं मला ठाऊक आहे.

म्हणून मी त्याला रिकाम्या पिकअपने परत पाठवलं आहे. बॉनेट माझ्याकडे आहे. दिवाणखान्यात, शोकेसच्या शेजारी, भिंतीला टेकवून उभं आहे. तुला मस्टँग विकायची असेल तर बॉनेटशिवाय विकून दाखव.

कुठले शेठ, ते तू लिही.

नलिनी सामंत


सिल्वासा
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

रोहन,

अठरा दिवस झाले. पोस्टकार्ड मुद्दाम उघडं पाठवते आहे, वाटेत ज्याला वाचायचं त्याने वाचावं. कुठले शेठ?

न. सा.


नाशिक
शनिवार, ६ डिसेंबर २०२५

ती. काकूस सा. न.

तुझं कार्ड आमच्या पोस्टमनने वाचलं. त्याने मला दारातच विचारलं, "कुठले शेठ हो?" तुझा हेतू सफल झाला.

दोनदा लिहायला बसलो आणि फाडलं. आता सगळं लिहितो.

वडोदऱ्याला जुन्या गाड्यांचे एक संग्राहक आहेत. चांगला माणूस आहे, गाड्यांवर खरोखर जीव आहे. त्यांनी लाल मस्टँग मागितली होती. मी शब्द दिलेला नाही. पण नाहीही म्हटलं नव्हतं, आणि तुला सांगितलं नव्हतं. तू पाठवलेला फोटो त्यांना दाखवला. मला वाटलं होतं, पिरोजी म्हटल्यावर त्यांचा उत्साह जाईल. झालं उलटंच. खुर्चीवरून उठले. म्हणाले, कारखान्याचा साठ वर्षांपूर्वीचा मूळ रंग, कुंकवाखाली, असं मी कुठे पाहिलं नाही, आता लाल नकोच. तू खरी ठरलीस आणि गाडी आणखी हवीशी झाली. मला हसू की रडू कळेना.

विकायची कल्पना माझी एकट्याची नाही. श्रुतीला राग येईल, पण सांगतो. तिला तू पुण्याला हवी आहेस. दर वेळी तू म्हणतेस, गाडी सोडून कशी येऊ. आम्हा सगळ्यांना वाटायचं ती सबब आहे. मग श्रुती म्हणाली, गाडीच नसली तर? गाडी चांगल्या हातात जाईल, तू आमच्याजवळ येशील. आम्हाला हे शहाणपणाचं वाटलं होतं. आता कागदावर लिहिल्यावर कसं दिसतंय ते मला दिसतंय. तुझ्या सिस्टर बरोबर सांगायच्या.

दुसरं. काल इंजिन सुरू झालं.

पहिल्यांदा खोकलं, काळा धूर, मग सहाही सिलिंडर एका सुरात. सगळं वर्कशॉप काम टाकून आलं. बॉनेट नसल्यामुळे पंखा फिरताना सगळ्यांना दिसत होता. भावेशने अगरबत्ती लावली. मी आत स्टिअरिंगमागे बसलो, हिचं ते डाव्या बाजूला, आणि माझ्या लक्षात आलं की मी या सीटवर पहिल्यांदाच बसतोय. काकांनी कधी कोणाला बसू दिलं नाही. तुला तरी कधी दिलं का, मला आठवत नाही.

एक गोष्ट वाचली, ती तुझ्यासाठी लिहून ठेवली होती. अमेरिकेत जी पहिली मस्टँग गिऱ्हाइकाच्या हातात गेली म्हणतात, ती शिकागोतल्या एका बावीस वर्षांच्या शिक्षिकेने घेतली. नुकतीच शाळेत लागलेली. गाडी लोकांना दाखवायला दोन दिवस होते, दुकानदाराने मागच्या खोलीत ताडपत्रीखाली लपवून ठेवली होती. तिने बघितली आणि म्हणाली, हीच. निळी, उघड्या टपाची. पुढे गाडी बंद पडली, पंचवीसेक वर्षं गॅरेजात पडून होती, नवऱ्याने निवृत्त झाल्यावर दुरुस्त केली. तिने ती विकली नाही. संग्राहक लोक अशा गाडीसाठी वेडे होतात, कारण तिचा मालक कधी बदललेला नसतो. पत्रा कुठेही मिळतो, ते मिळत नाही.

शेठना मी थांबायला सांगितलंय. फेब्रुवारीत दमणला जुन्या गाड्यांची रॅली आहे, तिथे गाडी न्यायचं मनात होतं. ती विकायची नसेल तर तसं कळव, मी त्यांना नाही म्हणून सांगीन. श्रुतीशी मी बोलेन, किंवा तू बोल. तू बोललीस तर बरं, मी तिला घाबरतो.

बॉनेट पाठवशील ना?

तुझा,
रोहन


सिल्वासा
शुक्रवार, २ जानेवारी २०२६

चि. रोहन,

तुझं पत्र मी लाल शाईशिवाय ठेवलं आहे. एवढ्यावर समज.

श्रुती नाताळात चार दिवस येऊन गेली. तिला दिवाणखान्यात बॉनेट बघून आधी हसू आलं, मग ती त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. वडिलांचं कुंकू तिने कधी जवळून पाहिलं नव्हतं. तिथेच आमचं भांडण झालं आणि तिथेच मिटलं. पुण्याला यायचा विचार मी ऐंशीव्या वर्षी करीन, तोपर्यंत तिने दोन गाड्यांचं पार्किंग असलेलं घर शोधावं, असं ठरलं. तिने शेडला नवा पत्रा घालून दिला आहे. मागचा आणि वरचाही. मी मागितला नव्हता, पण घालण्याआधी तिने मला विचारलं. या घराण्यात ही सुधारणा म्हणायची.

तुझ्या शिकागोच्या बाईंचा मी बराच विचार केला. मी बावीस वर्षांची असताना इंग्रजीची शिक्षिकाच होते. फरक इतकाच की त्यांना गाडी बघताच सांगता आलं की हीच, आणि मला गाडीत बसवून आणलं. २०११ साली गाडी बंद पडेपर्यंत बत्तीस वर्षं मी उजव्या बाजूला बसले. ९१ साली वापीला गाडी शिकले, लायसन्स काढलं, ते वेळोवेळी वाढवून घेतलं आहे, आणि डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पुन्हा तपासणी करून घेतली आहे. दर वेळी तुझे काका म्हणायचे, "नलू, हिचं स्टिअरिंग उलट्या बाजूला, तुला जमायचं नाही." मी स्कूटरने शाळेत गेले. मुख्याध्यापिका झाले तरी स्कूटरनेच गेले, आणि मस्टँग दारात उभी राहायची.

आता मी ते तपासून पाहिलं. डावीकडे बसलं की गिअर उजव्या हाताला येतो. उजव्या हाताने मी जन्मभर फळ्यावर लिहीत आले. म्हणजे ही गाडी पहिल्यापासून माझ्या सोयीची होती, आणि हे कोणी मला सांगितलं नाही. ओसरीत खुर्ची टाकून रोज सकाळी सराव करते. पायाखाली शिवणयंत्राची पायटी, उजवीकडे छत्री. पुतळाबाई समोरून बैलगाडी होऊन येते. काल म्हणाली, "बाई, हॉर्न तरी वाजवा, मी काय मरू?"

तेव्हा खालील गोष्टी स्पष्ट असाव्यात.

गाडी विकायची नाही. वडोदऱ्याच्या शेठना माझा नमस्कार सांग. त्यांना तिच्याबद्दल खरंच जिव्हाळा असेल, तर दमणला येऊन बघावी, पुतळाबाई त्यांना चहा देईल. तिचा चहा सगळ्यांसाठी असतो.

गाडी पूर्ण पिरोजी होईल, नखाएवढ्या खुणेशी जुळवून. पट्टे नाहीत. पण बॉनेटच्या आतला स्वस्तिक जसा आहे तसाच राहील, पुसलेल्या भुजेसकट. त्याच्याभोवती कागद चिकटवा आणि मग पिचकारी मारा. आबांनी जमवलं, भावेशने जमवलं, तुलाही जमेल. हे काम भावेशनेच करावं. पुढच्या दसऱ्याला कुंकू मी त्याच जागी लावणार आहे.

आणि तिसरं. दमणच्या रॅलीच्या अर्जात चालक म्हणून कोणाचं नाव लिहितोस ते मला आधी कळलं पाहिजे. मी ते नाव सुचवते: नलिनी नारायण सामंत, वय एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका. तू शेजारी बसशील. बत्तीस वर्षं मी जिथे बसले तिथे. तिथून रस्ता छान दिसतो, फक्त पाय उगाच ब्रेकवर जातो, सवय होते. शिकवायला त्याआधी किती दिवस येतोस तेही लिही, आणि शिकवताना आवाज चढवलास तर मी उतरून चालत जाईन, हेही लक्षात ठेव.

बॉनेट दोन गोधड्यांत गुंडाळून दोरीने बांधून तयार आहे. पुतळाबाईने वरून हळदीचं बोट लावलं आहे, प्रवासाला निघालेल्या माणसाला लावतात तसं. तुझं उत्तर आल्याशिवाय ते हलणार नाही.

उत्तर हाताने लिहिलेलं, सही आणि तारखेसह, मंगळवार दिनांक १३ जानेवारी २०२६ रोजी दुपारी बारा वाजण्याच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. हात जोडलेलं चित्र चालणार नाही.

काकू